आगीचं मुंगूस

आठ महिन्यांत त्या पोरीनं एकदाही त्याच्यावर दार आपटलं नव्हतं, आणि चष्मेवाल्याला नेमकी त्याचीच धास्ती होती.

तिच्या आईशी लग्न करून तो या घरात आला, तेव्हापासून ती बारा वर्षांची मुलगी त्याच्याशी पाहुण्यासारखी वागत होती. पाणी देऊ का काका, थँक्यू काका, चालेल काका. आईशी मात्र दिवसातून तीनदा कडाकडा भांडायची. याच्या वाट्याला नुसतं सौजन्य. आता सौजन्यावर माणसानं किती दिवस काढायचे?

म्हणून मागच्या रविवारी "काका, एक गेम आहे, दोघं लागतात, खेळाल?" असं तिनं विचारलं, तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं. विचित्र प्राणी पकडायचे, पाळायचे आणि झुंजवायचे, असा तो जुना गेम. कुणा हौशी चाहत्यानं त्यात फेरफार करून नवीन बनवला होता. सुरुवातीला तीन प्राण्यांतून प्रत्येकानं एकेक निवडायचा. दोघांचे प्राणी एकमेकांशी बांधलेले. एकाचा हरला की दुसऱ्याचाही कायमचा गेला.

गड्यानं आठवडाभर अभ्यास केला. चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे मूळ गेममध्ये कोण कुणाला हरवतं त्याचा तक्ता चिकटवला. गिऱ्हाईक समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायचं, हा आतल्या आत 'आग पानांना जाळते, पाणी आग विझवतं' घोकायचा. दोनदा तर डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला लिहिला.

आज दुपारी दोघं एकेक कंट्रोलर घेऊन सोफ्याच्या दोन टोकांना बसले. पडद्यावर आगीचं मुंगूस, पाण्याचा बेडूक आणि पाठीवर पानं उगवलेली गोगलगाय. त्यानं रुबाबात मुंगूस घेतलं. तिनं गोगलगाय घेतली. बिचारीला काही कळत नाही, असं त्याला वाटलं. पण उगाच शिकवायला जाऊन तिला दुखवायचं कशाला, म्हणून तो गप्प बसला.

पहिल्याच झुंजीत समोर एक फुटकळ पानकिडा आला. मुंगसानं ठिणगी टाकली. किड्यानं ती चाटूनपुसून खाल्ली आणि दुप्पट फुगला. मग एक टोला, दुसरा टोला. मुंगूस आडवं झालं, आणि त्याच्यासोबत गोगलगायही पडद्यावरून नाहीशी झाली.

चष्मेवाल्याला वाटलं, संपलं सगळं. आता ती म्हणणार, 'चालेल काका', आणि उठून जाणार.

"माझं चुकलं गं," तो म्हणाला. "मी तक्ता पाठ केला होता. आग पानांना..."

तिला हसू आवरेना. "या गेममध्ये सगळं उलटं केलंय! मुंगूस सगळ्यात भिकार आहे. मला आधीच माहीत होतं."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही घेतलं असतं का?"

"अगं, पण तुझीही गोगलगाय गेली की!"

"जाऊ दे. तुमचं तोंड काय झालं होतं!"

आठवडाभराची मेहनत अशी पाण्यात गेलेली बघून चष्मेवाला खरोखर चिडला. "हा वात्रटपणा आहे! आता पुन्हा पहिल्यापासून. मुंगूस तू घ्यायचं. गोगलगाय मला."

"अजिबात नाही! गोगलगाय माझी आहे!"

"द्या बाईसाहेब तो कंट्रोलर इकडे!" त्यानं तिच्या हातातला कंट्रोलर दोन्ही हातांनी धरला.

"नाही देणार! सोडा!"

दोघांचा आवाज चढला तशी आई ओले हात घेऊन आतून धावत आली. चेहरा पांढराफटक. आठ महिने तिला ज्याची भीती वाटत होती, ते शेवटी झालंच, असं तिला वाटलं.

"काय झालं? काय झालं?"

"काही नाही," कंट्रोलर न सोडता पोरगी म्हणाली. "आमचं भांडण चाललंय. तू जा ना."

चष्मेवाल्याच्या छातीवरचं मणभर ओझं उतरलं. डोळे भरून आले होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

"हो," तो म्हणाला. "तू जा."