नरनाळ्याच्या कमानीत बुवांचा गळा

उद्धवबुवांनी चिपळ्या उपरण्यात बांधल्या आणि कोणाला न सांगता नरनाळ्याची वाट धरली. गडावरच्या तळ्यात त्या सोडायच्या, हात जोडायचे, आणि बाळापूरला परतून उरलेल्या आयुष्यात दुसऱ्यांची कीर्तनं ऐकायची, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. कारण बुवांचा गळा गेला होता.

गेला म्हणजे कसा? मागच्या साली पायथ्याच्या गावात बुवांनी नुसतं नमन आळवलं की देवळावरची पारवी भर्रकन उडायची. यंदा त्याच देवळात, त्याच सप्त्यात, शब्द ओठांबाहेर पडले की हातभर जाऊन विझायचे. बुवांनी ज्येष्ठमध चघळला, तुळशीचा काढा घेतला, ताण देऊन देऊन मानेच्या शिरा फुगवल्या. सूर काही उभा राहीना.

श्रोते मात्र मोठ्या सुखात होते. सातासमुद्रापलीकडं कुठंतरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या कपाशीच्या बोंडाला सोन्याची कळा आली होती. अकोटच्या वाटेवर गाडीला गाडी लागलेली, बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या. कोठे भरले, ओसऱ्या भरल्या, तेव्हा नत्थुजी पाटलांनी राहिलेला कापूस देवळाच्या सभामंडपात रचला. देवाच्या राखणीत चोराचं भय नाही, विस्तवाचं नाही. पाटलांचं पाहून साऱ्या गावानं तेच केलं. भिंती दिसेनाशा झाल्या, पांढरे ढीग पार तुळयांना टेकले. मंडळी त्यांवर रेलून कीर्तनाला बसायची आणि अभंगाचा दुसरा चरण यायच्या आत घोरू लागायची.

"बुवा थकले आता," काल देवळाबाहेर कोणीतरी हळूच बोललं. तेवढं मात्र बुवांना खणखणीत ऐकू आलं.

वाट चढणीची होती. साग निष्पर्ण झालेला, मधूनच पळस पेटलेला. बुवा चढत होते आणि सवयीनं मन कीर्तनच मांडत होतं. पहिला दरवाजा लागला, ते झालं नमन. वळण घेऊन दुसरा लागला, तो पूर्वरंग. गडाची कथा तरी काय कमी होती? पहिला दगड गोंड राजांनी ठेवला असं म्हणतात. मग बहामनी सुलतान आले, त्यांनी तट चढवले. इमादशाही नांदली, मोगल आले, नागपूरकर भोसल्यांचे शिपाई इथं भाकरी भाजून गेले. आता तटावर वानरं बसली होती आणि तीही वतनदारासारखी बुवांकडं पाहत होती.

मग महाकाळी दरवाजा आला, आणि बुवांचे पाय आपोआप थांबले.

फिकट दगडाचा तो उंच दरवाजा रानात एकटाच उभा होता. कमानीच्या दोन्ही अंगांना उमललेली दगडी कमळं. वर अरबी अक्षरांची ओळ, अक्षरं वेलींसारखी एकमेकांत गुंतत गेलेली. बाजूंना सज्जे, सज्ज्यांना जाळ्या, आत पहारेकऱ्यांच्या कमानदार ओवऱ्या. जाळीतून ऊन गाळून आलं होतं आणि फरशीवर कोणी रांगोळी घालून गेल्यागत पसरलं होतं. बुवा ओवरीत टेकले. गार दगडाला पाठ लागली आणि डोळे जडावले.

त्या गुंगीत त्यांना दिसलं की ओवऱ्या भरून गेल्यात. भालेवाले, माहूत, पालखीचे भोई, छिन्नी कमरेला खोवलेले पाथरवट, सारे मांडी घालून बसलेत. जाळीआड बांगड्या किणकिणल्या. एक दाढीवाला वृद्ध अदबीनं म्हणाला, "बुवा, पूर्वरंग झाला. आख्यान केव्हा?"

"गळा नाही हो राहिला," बुवा पुटपुटले. पण समोर श्रोते बसलेत म्हटल्यावर त्यांच्यानं राहवेना. तशाच अर्धवट झोपेत त्यांनी शेवटचं म्हणून नाव घेतलं, "जय जय रामकृष्ण हरी!"

कमानीनं ते वरच्यावर झेललं. ओवरीनं ओवरीला दिलं, घुमटीनं घोळवलं, आणि भरल्या घागरीसारखं जड करून परत बुवांच्या कानांत ओतलं. बुवा ताडकन जागे झाले. श्रोते नव्हते, आवाज मात्र अजून फिरत होता.

"कोन वरडून राहिलं वो?" पलीकडच्या ओवरीतून चरवी घेऊन एक बाई तणतणत आली. गडावरची मैनाबाई गवळण होती ती. "म्हशीनं पान्हा चोरला ना माया!"

"बाई, तुम्हाला... ऐकू आलं?"

"मले काय इचारता? तळ्यावरच्या म्हशीयनं कान टवकारले असन!" मग बुवांच्या डोळ्यांतलं पाणी पाहून ती विरघळली. "रडता काहून? बसा. ताक आनतो."

ताक अर्धं झालं नाही तोच, वाटेवरच्या माणसांना विचारत विचारत, धापा टाकत नत्थुजी पाटील उगवले. "बुवा! सप्ता टाकून कुठी चालले? गावाचं काई चुकलं काय?"

बुवांनी उत्तराऐवजी एक आलाप घेतला. पाटलांनी पागोटंच धरलं.

"महाकाळी पावली! तुमाले गळा देल्ला मायनं! बुवा, चमत्कार झाला!"

खोटं कशाला बोला, बुवांना ते क्षणभर गोड वाटलं. देवीनं गळा दिलेला हरदास! अकोल्यापासून उमरावतीपर्यंत पालख्या आल्या असत्या. त्यांनी कमळांकडं पाहिलं, उघड्या भिंतींवरून हात फिरवला, आणि त्यांना हसू फुटलं.

"चमत्कार नव्हे, पाटील. दगड आहे. शब्द टाकला की दगड तो परत देतो. तुमच्या देवळात परत द्यायला भिंत ठेवलीत कुठं? माझं सारं निरूपण तुमच्या कापसानं गिळलं."

पाटील कानाच्या पाळ्या धरून म्हणाले, "म्या त देवाच्या भरोशावर भरला, बुवा. म्हंजे इतके दिवस देवालेबी काई ऐकू गेलं नाई?"

"देवाला कापसातूनही ऐकू येतं," बुवा म्हणाले. "तुमचं घोरणंसुद्धा."

मैनाबाई खदखदून हसली, आणि कमानही तिच्यासंगं हसली.

देऊळ रिकामं करायला गाड्या कुठल्या, साऱ्या अकोटच्या वाटेवर. तेव्हा पाटलांनी दुसऱ्या सकाळी गावच वर आणलं. ओवऱ्या भरल्या, जाळीआड बायाबापड्या बसल्या. रेलायला मऊ कापूस नव्हता, त्यामुळे पाठी ताठ होत्या.

उपरण्यात बांधलेल्या चिपळ्या हातात घेऊन बुवा उभे राहिले. त्यांना न वाचता येणाऱ्या त्या अक्षरांच्या ओळीला, आणि ती कोरणाऱ्या अनाम हातांना त्यांनी आधी वाकून नमस्कार केला. मग डोळे मिटून नमनाला सुरुवात केली. चढणीवर मागं राहिलेली माणसं वळणावळणाशी जागच्या जागी थांबली. कोणी डोक्यावरची घागर उतरवली, कोणी वहाणा काढल्या. आणि अजून दोन दरवाजे खाली असतानाच त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला.