पंखा बंद करून काढलेला फोटो

घरात मला मिरची म्हणतात, आणि ते काही उगाच नाही. नव्या फोटोग्राफरांना हाताशी धरून शिकवणाऱ्या उपक्रमात माझी निवड झाली, तेव्हा आत्यानं अभिनंदन वगैरे काही केलं नाही. पहिला प्रश्न हा, की "तिथं कुणाशी भांडणार नाहीस ना?" मी म्हटलं, "आत्या, फोटो काढायला चाललेय गं, निवडणूक लढवायला नाही."

खरंच भांडायचं नव्हतं मला. मी एका स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढायची. हनुवटी खाली, केस मागे, हसू नका, चला पुढचे. दिवसभर अनोळखी माणसांचे कान बघायचे. उपक्रमात आम्हा प्रत्येकाला एकेक मुरलेला फोटोग्राफर मिळणार होता, वर्षभर तो आमचं काम बघणार होता, आणि शेवटी गॅलरीत प्रदर्शन. प्रत्येकाला एक भिंत. त्या भिंती बघायला वर्तमानपत्रवाले, मासिकवाले येतात आणि आवडलं तर काम देतात. मला ती भिंत हवी होती. लोकांचे कान बघत म्हातारी व्हायची माझी अजिबात तयारी नव्हती.

माझ्या वाट्याला जे सर आले ते चांगले नावाजलेले. त्यांच्या फोटोत माणूस थोडा आणि सावली फार, म्हणून आम्ही पोरं त्यांच्या माघारी त्यांना 'सावली सर' म्हणायचो. माणूस वाईट नव्हता हं. जागा धरून उभं राहायचं, घाई करायची नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. पण कौतुकाच्या बाबतीत एकदम कंजूष. टेबलावर माझे छोटे छोटे प्रिंट मांडायचे आणि नको असेल तो पालथा करायचे. पहिल्या वेळी सगळेच पालथे झाले.

आत्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत आहे, तळघरात. हॉस्पिटलच्या सगळ्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट तिथं धुतात आणि वाफेच्या मोठ्या प्रेसखाली इस्त्री करतात. सगळ्या बायका, आणि आत्या त्यांची मुख्य. मी विषय तोच घेतला होता.

"हे पासपोर्ट फोटो झाले," सर म्हणाले. "वातावरण कुठंय? तिथं वाफ नसते का?"

"असते. पण भिंतीतला मोठा पंखा ती बाहेर ओढून टाकतो."

"मग थोडा वेळ पंखा बंद करायला सांग ना."

इतकं सोपं! मला वाटलं, एवढं साधं आपल्याला का नाही सुचलं?

आत्यानं आधी डोळे वटारले. "पंखा बंद? उकडून निघू आम्ही सगळ्या."

"थोडाच वेळ गं. माझ्यासाठी."

भाचीच्या हट्टापुढे तिचं काही चालत नाही. तिनं बटण दाबलं. बघता बघता वाफ छतापर्यंत चढली, वरच्या चिंचोळ्या खिडकीतून ऊन आत घुसलं आणि त्या पांढऱ्या धुक्यात बायका नुसत्या आकृत्या होऊन हलायला लागल्या. काय सांगू, मला वेडच लागलं. "झालं का गं?" आत्यानं विचारलं. "थांब, थांब." कुणीतरी खोकायला लागलं. "झालं का?" "अगं, एकच मिनिट!"

चष्मा मावशी माझ्या समोरच्या प्रेसवर होती. तिला सगळे चष्मा मावशीच म्हणतात, काच जाड आहे म्हणून. वाफेनं तिच्या दोन्ही काचा पांढऱ्याफटक झाल्या होत्या आणि त्यावर ऊन पडलं होतं. मी फोटो काढला. लगेच ती किंचाळली. तिला दिसलंच नव्हतं. प्रेस तिच्या हातावर आली होती, मनगटापासून वर वीतभर.

वरच्या मजल्यावर तिला पट्टी बांधली. मावशी मलाच समजावत होती, "माझंच लक्ष नव्हतं गं, तू नको मनाला लावून घेऊ." ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.  घराच्या दाराशी आल्यावर आत्या म्हणाली, "दोनदा विचारलं तुला, झालं का म्हणून." आणि आत निघून गेली.

सरांनी तो फोटो बघितला आणि खुर्चीतून उठलेच. "हा! हाच. भिंतीवर मधोमध हा." पहिल्यांदाच त्यांनी माझा प्रिंट पालथा केला नव्हता. मी त्यांना सगळं सांगितलं. ते परत खाली बसले आणि म्हणाले, "वाईट झालं. पण त्यानं फोटो वाईट ठरत नाही."

"हा लागणार नाही, सर."

"मग तुझ्याकडे लावण्यासारखं काही नाही. आणि माझ्या सहीशिवाय भिंत मिळत नाही, ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होतं. बाहेर जिन्यात बसून मी रडले. दुःखानं नाही, संतापानं. त्यांच्यावर होता त्याच्या दुप्पट संताप माझा माझ्यावर होता, कारण त्यांनी नुसतं सुचवलं होतं. 'एकच मिनिट' मी म्हटलं होतं. रडून झाल्यावर तोंड पुसलं आणि ठरवलं, भिंत तर घेणारच, पण हा फोटो न लावता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओ उघडायच्या आधी लॉन्ड्रीत गेले. मावशीला अजून प्रेसवर उभं करत नव्हते, ती स्टुलावर बसून फाटके अभ्रे शिवत होती. मी माफी मागितली आणि विचारलं, "मावशी, परत काढू का फोटो?"

"पंखा?"

"चालू."

"मग काढ की. फक्त आधी सांग, तोंड पुसून घेते."

आत्या मागून गुरगुरली, "आणि आज मी विचारणार नाही झालं का म्हणून. मी सांगेन, झालं! की कॅमेरा खाली."

म्हणाली तशीच वागली. मी रोज सकाळी जायची आणि ती 'झालं' म्हणाली की निमूट निघायची. ना वाफ, ना ऊन, वर नुसत्या ट्यूबलाइट. पण माणसं होती. दोघी एकच चादर दोन टोकांनी धरून घडी घालताहेत आणि तेवढ्यात कडाकडा भांडताहेत. आत्या कोटाच्या खिशातून निघालेलं डॉक्टरचं पेन नाचवत त्यांच्या नावानं खडे फोडतेय. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून मावशी सरळ माझ्याकडे बघतेय. मला कळत होतं की हे फोटो चांगले आहेत. सर म्हणोत काहीही.

भिंती वाटायच्या दिवशी गॅलरीच्या संचालकबाई आल्या. सरांनी आधी वाफेचाच फोटो पुढं सरकवला. बाईंच्या तोंडून "अगंबाई!" निघालं. मग त्यांनी विचारलं, "हा उजेड मिळवलास कसा?"

"पंखा बंद करून," मी म्हटलं. "बायका काम करत असताना. हिला चष्म्यातून दिसेनासं झालं आणि हा फोटो काढल्या काढल्या हिचा हात भाजला."

सर खिडकीबाहेर बघायला लागले. बाईंनी फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाल्या, "मग हेच फोटोखाली लिहू या. लोक हादरून जातील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हो ना! लोक हादरतील आणि मला काम मिळेल. हात तिचा भाजला, आणि नाव माझं व्हायचं? नाही लागणार हा. हे नवे फोटो लावा, नाहीतर माझी भिंत रिकामी ठेवा."

"मी यावर सही करणार नाही," सर म्हणाले.

बाईंनी नवे फोटो हातात घेतले. एकेक बघितला. भांडणाऱ्या दोघींपाशी त्यांना हसू आलं, मावशीपाशी आल्यावर मात्र ते ओसरलं. "सही मी करते," त्या म्हणाल्या. "पण दालनातली भिंत नाही देता येणार, त्यांच्या सहीशिवाय ती मीही देत नाही. बाथरूमकडे जायच्या बोळात एक आहे. चालेल?"

"चालेल."

"तिकडे मासिकवाले फिरकत नाहीत हं."

"कधी ना कधी जातीलच की सगळे तिकडे."

खिळे मीच ठोकले. एक अंगठ्यावर बसला, ते सोडा.

उद्घाटनाला कामाची पाळी संपवून सगळी लॉन्ड्री आली. बोळात पाय ठेवायला जागा नाही, आणि कलकलाट असा की दालनातली माणसं वळून बघायला लागली. "अगं बाई, हे माझं नाक?" "मग काय, आरशात आजवर पाहिलं नव्हतंस?" मावशी आपल्या फोटोसमोर उभी होती. मी शेजारी जीव मुठीत धरून. ती म्हणाली, "मी अशी रागीट दिसते होय? बरं झालं. घरच्यांना दाखवते." आणि हसली. मला इतकं हलकं वाटलं की तिथंच तिला मिठी मारली.

तेवढ्यात सर आले. माझ्यासाठी आले की बाथरूमसाठी, देव जाणे. पण थांबले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेले.

"उजेड सपाट आहे," ते म्हणाले.

"हो, सर."

मावशीच्या फोटोपाशी ते रेंगाळले. "हिचे डोळे दिसतात यात." मग हळूच, "हीच का ती?"

मी मान हलवली. मावशीला काय ठाऊक हे कोण! तिनं आपला फोन सरळ त्यांच्या हातात कोंबला. "अहो भाऊ, आमचा सगळ्यांचा एक काढा ना, भिंतीसकट."

सगळ्या दाटीवाटीनं उभ्या राहिल्या, आत्या मधोमध. सरांनी फोन वर धरला, डोळे बारीक केले, वरच्या दिव्याकडे बघितलं. आयुष्यभराची सवय ती, सुटते थोडीच! "त्या चष्म्यावर दिवा चमकतोय. ताई, तुम्ही जरा डावीकडे सरका बरं."

मावशी हलली नाही. कुणीच हललं नाही.

"नाही सरकणार," आत्या म्हणाली. "आहोत तिथंच काढा."

"नाही सरकणार!" मागून चार-पाच जणी ओरडल्या आणि सगळ्या खो खो हसायला लागल्या.

सरांनी माझ्याकडे बघितलं.  मग त्यांनी फोन खाली घेतला, स्वतः दोन पावलं उजवीकडे गेले, गुडघे वाकवले, पुन्हा वर उठले, आणखी थोडे सरकले. मावशीच्या काचा स्वच्छ दिसायला लागल्या तेव्हा त्यांनी फोटो काढला.