यादीतला पहिला शब्द

ईस्टरआधीचा मोठा उपवास लागायच्या आदल्या रविवारी संध्याकाळी आमच्या बेटावर सगळं गाव देवळात जमून एकमेकांची माफी मागतं. रांगेनं पुढं यायचं, वाकायचं, म्हणायचं, "मला माफ कर." समोरच्यानं म्हणायचं, "देव माफ करो." झालं काम.

मी आणि माझी धाकटी बहीण एव्दोकिया नऊ वर्षं हे बिनचूक म्हणत आलो, आणि बाकी वर्षभर एकमेकींचं तोंड बघत नव्हतो. नऊ वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली तेव्हा शेवटचे चार महिने तिचं सगळं मी एकटीनं काढलं. ही बाई दोन गल्ल्या पलीकडे राहून तीनदा आली. मी तिला एका शब्दानं बोलले नाही, आणि त्याचा मला अभिमान होता.

यंदा ती मुलाकडे ऑस्ट्रेलियाला निघाली होती, कायमची. सोमवारी दहाची बोट.

रविवारी आमच्या अँथिमोस पाद्रीबाबांनी बायबलातलं संत पौलाचं पत्र काढलं. "काय काय टाकून द्यायचं त्याची यादी आहे. संताप, राग, आरडाओरडा, निंदा. पण सगळ्यांच्या आधी लिहिलंय पिक्रिया, कडवटपणा. ओरडणारा निदान मोकळा होतो. पिक्रिया धरलेला माणूस गप्प बसतो आणि आत मुरवत राहतो."

म्हातारा माझ्याकडे बघतही नव्हता, तरी मला झोंबलं.

रांगेत एव्दोकिया समोर आली, वाकली. "मला माफ कर, ताई."

"देव माफ करो."

ती हलेना. "त्याचं तो बघेल. तू केलंस का?"

मागं रांग खोळंबली. कुणीतरी खाकरलं.

"नाही," मी म्हटलं.

"चला, नऊ वर्षांत एकदा तरी खरं बोललीस. सकाळी ये. पेटी बांधायला हात कमी पडतायत."

सकाळी गेले. पेटीची दोरी ओढता ओढता नऊ वर्षांचं मनातलं सगळं ओरडून बाहेर काढलं. शेजारणी खिडकीत आल्या. येऊ देत. ती पेटीवर गुडघा रोवून बसली होती.

"आई मला ओळखत नव्हती," ती शेवटी म्हणाली. "मी आले की मला तुझ्या नावानं हाक मारायची. तीनदा ऐकलं. चौथ्यांदा पाय उचलला नाही."

हे मी कधी विचारलंच नव्हतं. गाठीवर बोट धर म्हटलं, तिनं धरलं. गाठ घट्ट बसली.

"केलं गं माफ," मी म्हटलं.

"देवानं?"

"त्याला कशाला मध्ये आणतेस. ऊठ, बोट चुकेल."