गेटबाहेर ठेवलेला हात

“टाक,” खड्डेमास्तर म्हणाले.

पोरीनं टाकला नाही.

पिन निघाली होती. कडीसकट ती खाली खडीत कुठेतरी पडली होती आणि हातबॉम्ब पोरीच्या उजव्या मुठीत होता. मूठ घट्ट आहे तोवर तो नुसता लोखंडाचा गोळा. मूठ सैल झाली की वरची लिव्हर उडते, आणि मग चार आकडे मोजायच्या आत तो भिंतीपलीकडे गेलेला बरा. भिंत छातीएवढी. तिच्या अलीकडे दोन माणसं कशीबशी मावतील एवढा काँक्रीटचा खड्डा, आणि त्यात ही दोघं.

“टाक म्हणतोय ना.”

पोरगी भिंतीकडे बघत होती. हात मागे नेलेला, तसाच. कोपर लटपटायला लागलं तसा मास्तरांनी आपला पंजा तिच्या मुठीभोवती घातला आणि आवळला. मूठ गार पडली होती. घामानं बुळबुळीत झाली होती, ते जास्त वाईट.

“बरं, नको टाकूस,” ते म्हणाले. “हात खाली घे. माझ्याबरोबर. सावकाश. आपल्याला कुठे गाडी पकडायचीय?”

“खड्डा, काय अडलंय?” टॉवरवरचा कर्णा खरखरला.

टॉवर लांब होता आणि त्याला हाताएवढ्या जाडीची काच होती. काचेमागे साहेब बसत, सोबत दुर्बीण आणि चहा. तिथून ‘काय अडलंय’ विचारायला काही लागत नाही. मास्तरांनी मोकळा हात वर करून थांबा म्हणून खूण केली आणि मनातल्या मनात काचेला एक सणसणीत शिवी हासडली.

प्रशिक्षण केंद्रात त्यांचं खरं नाव सहीपुरतं उरलं होतं. पोरापोरींना पहिल्यांदा खरा बॉम्ब टाकायला लावायचा तर शेजारी कुणीतरी उभं राहावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे हे. बाकीचे उस्ताद वर्ष-दोन वर्षं करून गुडघा दुखतो, कंबर धरली असं सांगून निसटले. यांना निसटता आलं नाही, कारण यांनी पहिल्याच वर्षी छाती फुगवून ‘मला भीती वाटत नाही’ असं सांगून टाकलं होतं. झालं. तेव्हापासून हे खड्ड्यात.

भीती वाटत नव्हती असं नाही. खऱ्या बॉम्बच्या दिवशी सकाळी ते गोदामामागे जाऊन ओकत, चूळ भरत, मिशी पुसत आणि येऊन पोरांना सांगत, “घाबरायचं काय त्यात?” बायकोला सांगून ठेवलं होतं, परेड शिकवतो. घरात पातेल्यावरचं झाकण पडलं तरी हा माणूस दारापर्यंत पोचलेला असे. “अहो, झाकण होतं,” ती म्हणे. “परेडीत एवढं काय दचकायला होतं तुम्हाला?” मग ते परत येऊन झाकण उचलून ठेवत आणि तिच्यावरच डाफरत.

“नाव काय म्हणतात तुला सगळे?” त्यांनी पोरीला विचारलं. तिला बोलतं ठेवायचं होतं. माणूस बोलत असला की बेशुद्ध पडत नाही.

“मुकी.”

“का?”

“बोलत नाही म्हणून.”

“मग आज बोल. पहिल्या दिवशी मी सांगितलेलं पाठ आहे का? म्हण बघू.”

हे पाठ नसलेलं पोर केंद्रात सापडणं कठीण. नवी तुकडी गेटातून आत आली, डोकी भादरून झाली, बूट वाटून झाले की मास्तर पहिल्या संध्याकाळी त्यांना जमिनीवर बसवत आणि चार गोष्टी सांगत. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पण आईच्या नावानं रडू येणारी पोरं बघून त्यांना राहवत नसे. पोरं ते भाषण रात्री अंथरुणात पुटपुटत, अंघोळीला रांगेत म्हणत, नकलाही करत.

मुकी पुटपुटायला लागली.

“मोजे रोज धुवायचे. ओले घालायचे नाहीत. पाय गेला की शिपाई गेला.”

“पुढे.”

“ताट समोर आलं की खायचं. चव घरी गेल्यावर बघायची.”

“श्वास घे. पुढे.”

“कुणी जाणार का विचारलं तर हात वर करायचा नाही. सगळ्यांच्या पुढे पळायचं नाही, सगळ्यांच्या मागे राहायचं नाही. उस्ताद ओरडतो तेव्हा त्याच्या टोपीकडे बघायचं, डोळ्यांत नाही. रडायचं असेल तर अंघोळीच्या पाण्यात.”

“शाब्बास. बघ, मूठ जरा गरम झाली. पुढे?”

पोरगी भिंतीच्या वरच्या कडेकडे बघायला लागली.

“पुढे काय आहे?”

“तुमच्यात जे काही वेगळं असेल,” ती म्हणाली, “ते गेटबाहेर ठेवून या. इथे वेगळं दिसलं की चोपून सरळ करतात.”

“हां. मग?”

“सर, मी डावखुरी आहे.”

मास्तरांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी पंजा आणखी आवळला.

“सरावाला मग?”

“सरावाला सगळी तुकडी एकदम फेकते, सर. कोण कुणाचा हात बघतं? मी डाव्यानंच फेकला. आज तुम्ही स्वतः उजव्या हातात दिलात.” तिचा आवाज फाटला. “उजव्यानं हा भिंतीवरून जायचा नाही. मला माहितीये ना. इथेच पडेल. आपल्या पायात.”

“मग पिन काढायच्या आधी तोंड उघडायला काय झालं होतं?”

“पहिल्या आठवड्यात एकानं डाव्या हातानं सलाम ठोकला. त्याला त्याच हातात वीट धरून उभा केला होता दिवसभर. तो आता चमचासुद्धा धरत नाही नीट. आणि तुम्हीच म्हणालात, सर.”

कर्णा पुन्हा खरखरला. “मास्तर, काढून घ्या आणि टाका तुम्ही. पोरगी बाद.”

नियम तोच होता. पोर गोठलं की उस्तादानं बॉम्ब आपल्या हातात घ्यायचा, टाकायचा आणि पोराला घरी पाठवायचं. मास्तरांनी तो नियम काही वेळा पाळला होता. अशा वेळी पोरं उलट आभार मानतात.

ही मानणारी नव्हती. “नका घेऊ, सर,” ती म्हणाली. “घरी नका पाठवू.”

“घरी कुणी नाही का?”

“आहेत ना. म्हणूनच.”

ती एवढंच बोलली. बॉम्ब हातात धरूनही ती ज्याला भीत होती ते बॉम्बपेक्षा मोठं होतं, हे कळायला मास्तरांना आणखी काही विचारावं लागलं नाही. पिन निघालेला बॉम्ब शिकाऊ पोरानं आपल्या एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायचा नाही, हे या खड्ड्याचं पहिलं कलम. ते तोडायचं म्हणजे दोघांचीही चटणी होऊ शकते, आणि मागे राहिलेल्या बायकोला कळणार काय, तर नवरा परेड शिकवताना मेला.

“ऐक,” ते म्हणाले. “हात बदलायचा आहे. मी खालून धरलंय. मी सोडणार नाही, काय वाटेल ते झालं तरी. डावा तळवा वरून आण. लिव्हरवर. ठेवलास? दाब. आणखी. आई समोर आहे आणि तिचा हात सुटतोय अशी दाब.”

“दाबलीय.”

“आता उजव्याची करंगळी काढ. एकटी करंगळी. हां. आता तिच्या शेजारचं.”

बोटं एकेक करून निघाली, चिकटलेली पट्टी सोलावी तशी. मधलं बोट निघताना लिव्हर केसभर हलली. मास्तरांनी ती आपल्या अंगठ्याच्या बेचक्यात चेपली आणि दोघंही जिवंत आहेत याची खात्री होईपर्यंत श्वास घेतला नाही. पोरीच्या नाकातून पाणी वाहत होतं. पुसायला कुणाकडे हात नव्हता.

“अंगठा,” मास्तर म्हणाले.

अंगठा निघाला. बॉम्ब डाव्या मुठीत बसला, आणि बसला तो असा बसला, जणू तिथेच घडवला असावा. मास्तरांना तो फरक हाताला कळला. थरथर थांबली होती.

“मी सोडतोय. तयार?”

“हो, सर.”

त्यांनी पंजा काढला. पोरीचा डावा हात मागे गेला आणि गोफणीसारखा सुटला. मास्तरांनी तिला मानेला धरून खाली दाबलं आणि तिच्यावर ओणवे झाले. खूप वेळ काहीच झालं नाही. मग जमिनीनं खालून लाथ मारली, कान भरले, आणि पाठीवर मातीचा सडा पडला.

वर बघितलं तर धूर लांब, पार निशाणाच्या खांबापलीकडे उठला होता.

“घरी नाही ना पाठवणार?” पोरगी ओरडून विचारत होती. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता.

मास्तर टॉवरवर चढून गेले तेव्हा साहेबांनी कप खाली ठेवला. वयानं मास्तरांच्या मुलासारखे, पण खुर्ची साहेबाची.

“काय तमाशा होता तो, मास्तर?”

“पोरगी डावखुरी आहे, साहेब.”

“आणि ते तिनं लपवलं?”

“लपवलं.”

“मग संपलंच. संध्याकाळच्या गाडीनं घरी.”

“लपवायला मी सांगितलं होतं.”

साहेब हसले. “ते तुमचं मोज्यांचं भाषण? अहो, ते काय हुकूम आहे का?”

“पहिल्या दिवशी आलेल्या पोराला सगळंच हुकूम वाटतं, साहेब. आपण तसं वाटावं म्हणूनच तर डोकी भादरतो.”

साहेबांचं हसू गेलं. “नीट विचार करून बोला. हे मी लिहून घेतलं तर नुसतं भाषण जायचं नाही. तुम्ही पिन काढलेल्या बॉम्बचा हात बदलू दिलात, तेही लिहावं लागेल. रिटायर व्हायला राहिलंय किती?”

“थोडं राहिलंय.”

“मग? सांगा, पोरगी घाबरली, मला सांगितलंच नाही. इथेच मिटलं.”

मास्तर उभे होते. गुडघे हलायला लागले होते, आणि ते साहेबांना दिसू नयेत म्हणून त्यांनी टेबलाला मांडी टेकवली. खड्ड्यात भीती वाटते ती क्षणभराची असते, इकडे नाहीतर तिकडे. ही वेगळी होती. घरी बायकोला काय सांगायचं, उद्या सकाळी गणवेश घालायचा की नाही, लोक वाटेत काय बोलतील. एवढी वर्षं बॉम्बशेजारी काढून माणूस एका खुर्चीपुढे असा लटपटतो, याची त्यांना मनस्वी चीड आली.

“लिहा,” ते म्हणाले. “माझ्या सांगण्यावरून वागली असं लिहा. म्हणजे पोरगी राहील ना?”

“राहील. पण उद्यापासून तुम्ही खड्ड्यात नाही. भाषण बंद. पुढचं वरचे लोक ठरवतील.”

उद्यापासून खड्ड्यात नाही. हे ऐकण्यासाठी त्यांनी कितीतरी सकाळी गोदामामागे तोंड धुतलं होतं, आणि ते आलं ते असं.

“आज कोण उभं राहणार?” त्यांनी विचारलं.

साहेबांनी काचेतून बाहेर बघितलं. “आजची रांग तुम्हीच संपवा. दुसरं कुणी तयार होत नाही.”

मास्तर जिना उतरून आले. मातीच्या बांधामागे उरलेली पोरं सावधान उभी होती. स्फोट त्यांनी ऐकला होता, उशीर का झाला ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यामुळे सगळ्यांचे चेहरे चुन्यासारखे झाले होते. मुकी बाजूला जमिनीवर बसून डाव्या तळव्याकडे बघत होती.

“तुमच्यात डावखुरं कोण आहे?” मास्तरांनी विचारलं.

कुणी हललं नाही.

“मारणार नाही. घरी पाठवणार नाही. हात वर करा.”

सगळ्यांच्या नजरा त्यांच्या टोपीवर होत्या. त्यांनी रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिली. एकाच्या ओठांवर घाम होता, एक जण पापणीही मिटत नव्हता. यातलं एखादं खोटं बोलत असणार. ते कोण हे न कळता त्याच्या शेजारी खड्ड्यात जाऊन उभं राहायचं होतं.

“अरे, मीच सांगतोय. ते जे पहिल्या दिवशी सांगितलं ना, ते विसरा.”

एका पोरानं टाचा आणखी जुळवल्या. तेवढंच. त्यांना आता मास्तर काहीही म्हणाले तरी ती परीक्षाच वाटणार होती.

मास्तर वाकले आणि त्यांनी खडीतून एक गुळगुळीत दगड उचलला. रांगेतल्या पहिल्या पोरासमोर येऊन, काही न बोलता, त्यांनी तो त्याच्याकडे उडवला. झेलायला जो हात पुढे येईल तो त्याचा खरा हात.

दगड पोराच्या छातीवर टप्पकन लागला आणि बुटापाशी पडला. पोराचे दोन्ही हात मांडीला चिकटलेले होते. तो दचकलासुद्धा नाही.

कालपर्यंत मास्तर शाब्बास म्हणाले असते. ते गुडघ्यावर बसले, बुटापाशी पडलेला दगड उचलला, त्याच्यावरची माती आपल्या बाहीला पुसली आणि उठून उभे राहिले.

“विश्राम,” ते म्हणाले. “टोपीकडे नको. माझ्याकडे बघ, बाळा. परत टाकतोय.”