काशम्मा म्हणाली, गडद

एकोणीसशे शहात्तर साली मी सोलापुरात गुरप्पा मालकांच्या कारखान्यात चादरी तपासून घड्या घालायच्या कामाला लागले. काम मिळवून दिलं तिथल्या रंगाऱ्यानं, इलाहीबक्षचाचांनी. ते आमच्याच गल्लीतले. स्वभावानं मी तिखट; घरात कुणाचं ऐकून घेतलं नाही. त्यामुळं पहिल्या महिन्यात जे केलं त्याची लाज अजून वाटते.

कारखान्यात एक रीत होती. रंगवलेलं सूत वाळलं की त्यातली एक लडी आणि नमुन्याची जुनी लडी दाराशी फळीवर शेजारी शेजारी ठेवायची. मग एकेकानं सांगायचं, रंग जुळला की नाही. आधी मुकादम शंकरप्पा, मग पाच विणकर, मग मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी काशम्मा, आणि सगळ्यांत नवी म्हणून शेवटी मी. ज्यानं रंगवलं त्या चाचांनी मात्र तोंड उघडायचं नाही, लांब उभं राहायचं.

डाळिंबी रंगाचा लॉट आला. मला सरळ दिसत होतं, नवी लडी फिकी आहे. मुकादम म्हणाले, "जुळतंय." पाचही विणकर म्हणाले, "जुळतंय." काशम्माही तेच म्हणाली. सात जण एक बोलल्यावर मला वाटलं, माझेच डोळे बिघडले. खरं सांगायचं तर तसंही पुरतं वाटलं नव्हतं. सात जणांनी वळून माझ्याकडं बघायला नको होतं, एवढंच. मी म्हणाले, "जुळतंय."

चादरी विणून गेल्या आणि गठ्ठेच्या गठ्ठे परत आले. जुन्या सुताची अर्धी चादर गडद, नव्या सुताची अर्धी फिकी. जुळतंय म्हणणाऱ्या आठ जणांचं नाव कुणी घेतलं नाही. मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "इलाहीबक्ष, परत असं झालं तर कामावर येऊ नका." तीस वर्षं रंगात हात घालून ज्यांची नखं कायमची लाल झाली होती ते चाचा मान खाली घालून उभे होते. आणि त्यांनीच कामाला लावलेली मी मूग गिळून गप्प.

दोन महिन्यांनी पुन्हा डाळिंबी, आणि लडी पुन्हा फिकी. मागावर चढायच्या आधी कळलं तर सुताला रंगात आणखी एक बुडी देऊन भागणार होतं. विणल्यावर कळलं तर चाचा घरी. आज बोलायचंच, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. पण माग रिकामे पडलेले, मुकादमांना घाई. "जुळतंय," ते म्हणाले. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे तेच. सहावा बोलला तोवर माझं सगळं अवसान गळालं होतं, मीही तेच म्हणणार होते.

काशम्मानं लडी उचलली, पार नाकाशी नेली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता.

"न्हाय जुळत," ती म्हणाली. "ही नवी लई गडद हाय की!"

सगळे खो खो हसले. मुकादम म्हणाले, "काशम्मा, डोळं दाखवून घे. गडद कुटं हाय?"

"मला दिसतंय ते मी सांगनार. तुमास्नी काय दिसतंय ते तुमी सांगा की!"

ती साफ चुकली होती. बरोबर उलटं सांगत होती. पण तिचं ऐकून माझं तोंड उघडलं.

"न्हाय जुळत, मुकादम. गडद न्हाय, फिकी हाय. मागल्या बारीला बी फिकीच हुती. मी खोटं बोलले."

कुणी हसलं नाही. बसप्पा विणकर हळूच म्हणाला, "मला पन तसंच वाटत हुतं." दुसरा म्हणाला, "मला बी." मला असा संताप आला सगळ्यांचा, आणि त्यांच्याहून जास्त स्वतःचा! मुकादमांनी दोन्ही लड्या बाहेर उन्हात नेऊन उलटसुलट करून बघितल्या आणि चाचांना हाक मारली, "आनखी एक बुडी द्या." चाचांनी सूत खांद्यावर घेतलं आणि रंगाच्या कढईकडं जाताना माझ्याकडं बघून छातीवर हात ठेवला.

पुढं सात वर्षं ते त्याच कढईपाशी राहिले, काम सोडलं ते आपल्या मर्जीनं. ते माझे उपकार मानायचे, मी काशम्माचे. "पर वो तो गलत बोली थी!" चाचा हसायचे. चुकली होती, कबूल. पण पहिल्या वेळी मला बरोबर दिसूनही काय उपयोग झाला होता? सहा जणांपुढं वेगळं बोलून धडधाकट उभी राहिलेली एक बाई मला बघायला मिळाली. नाहीतर चाचा घरी बसले असते आणि मी जन्मभर आरशात बघायला कचरले असते.

काशम्माला मात्र आपण चुकलो हे कधीच पटलं नाही. म्हातारपणी तिला काहीच दिसेना. भेटायला गेले की पाण्याच्या आधी विचारायची, "महानंदा, खरं सांग, ती लडी गडदच हुती का न्हाय?"

त्या दिवसानंतर मी कुणाच्या होला हो मिळवलं नाही. मालकांच्या नाही, नवऱ्याच्या तर नाहीच. पण तिचा हात हातात घ्यायची आणि म्हणायची, "व्हय मावशी. लई गडद हुती."