तीन वेळा एकाच खुणेवर

मी शिवणताईच्या गळ्यातली टेप बोलतेय. पिवळी, कापडी, कडेला जराशी विरलेली. अंगभर आकडे आहेत माझ्या, पण मला स्वतःला एकही वाचता येत नाही. बोट कुठे थांबलं ते मात्र बरोबर कळतं, आणि एकदा कळलं की मी विसरत नाही.

कारखान्यातून गुंडाळी होऊन दुकानात आले, दुकानातून शिवणताईच्या गळ्यात. मग अख्खी गल्ली मोजली मी. मापाला उभी राहिली की माणसं श्वास धरून पोट आत ओढतात. कपडा शिवून हातात आला की श्वास सोडतात आणि म्हणतात, "घट्ट झालाय हो!" कोणाला फसवतात, देव जाणे.

शिवणताईला दिवस गेले. तपासणीला गेलो, तर सिस्टरला तिची टेप सापडेना. "दे गं तुझीच," म्हणत तिने मला ओढलं. ओटीपोटाच्या हाडावर माझं टोक धरलं आणि गर्भाशय वर जिथवर आलं होतं तिथवर मला नेलं.

"जितके आठवडे, साधारण तितके सेंटीमीटर," ती म्हणाली.

मी थक्कच! आजवर दिसणारी माणसं मोजली होती. हे न दिसणाऱ्या माणसाचं माप. कोण असेल आत? काय करत असेल दिवसभर? एवढ्यात आतून एक लाथ बसली मला. म्हटलं, चौकशी आवडलेली दिसत नाही.

पुढे दर खेपेला मीच. अठ्ठाविसाव्या आठवड्याला बोट जिथे थांबलं, तिसाव्याला तिथेच. बत्तिसाव्यालाही तिथेच.

"टेप ताणली गेलीय तुझी," सिस्टर म्हणाली. "जुनी झाली की सैल पडते, खोटं सांगते."

मला असा राग आला! तिने मला लोखंडी पट्टीला लावून पाहिलं. केसभर फरक नव्हता. मी खरी ठरले, आणि माझंच काळीज चरकलं. टेप बरोबर, म्हणजे बाळच वाढत नव्हतं.

सिस्टरने खुर्ची पुढे ओढली. "जेवतेस किती?"

"तिला काय विचारता, मला विचारा," सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या. "सातवा लागला तसं अर्धं ताट केलं मी. बाळ लहान असलं की सुटका सोपी. माझं पहिलं अडकलं होतं. गेलं."

रागवायला निघालेल्या सिस्टरचा आवाज एकदम उतरला. "आजी, हिला उपाशी ठेवून वाट मोठी होत नाही. बाळाची ताकद तेवढी जाते. अडलंच तर आम्ही आहोत ना. आणि लोहाच्या गोळ्या गं?"

"घेते की. चहाबरोबर."

"चहाने गोळीतलं लोह अंगी लागत नाही. पाण्याबरोबर घे. आणि उभ्याने कापड कापणं बंद."

त्याच दिवशी सोनोग्राफी झाली. बाळ बारीक होतं, पण त्याचं हृदय छान चाललं होतं.

घरी सासूबाई भरलं ताट ठेवून समोर बसू लागल्या. "संपव. मी बघतेय."

"आई, पोट फुटेल माझं!"

"फुटू दे. शिवता येतं ना तुला?"

पुढच्या तपासणीला सासूबाईंनी माझं दुसरं टोक स्वतः धरलं. सिस्टरचं बोट जुन्या खुणेपाशी आलं, आणि पुढे सरकलं. सासूबाईंनाही आकडे वाचता येत नाहीत. पण बोट सरकलेलं त्यांनी पाहिलं आणि सुनेच्या गालावरून हात फिरवला.

मुलगी झाली. लहानखुरी, पण ओरडली अशी की व्हरांड्यातल्या बायका हसल्या. आता ती रांगते आणि दिवसभर मला चघळते. माझे पहिले आठ-दहा आकडे पुसून गेले, शिवणताईने नवी टेप आणली. माझी तक्रार नाही.

एवढंच सांगते. माप थांबलं तर आधी टेपवर रागवा खुशाल. मग त्या पोटुशी पोरीला विचारा, पोटभर जेवलीस का? आणि तिच्या ताटात कमी वाढणारीलाही जवळ बसवून विचारा, बाई, तुला भीती कशाची वाटते?