वरचीची शिडी

त्या दोघी रंगारणींना गावभर ‘वरची’ आणि ‘खालची’ म्हणत. वरची शिडीवर चढून छताजवळची भिंत रंगवायची. खालची शिडी धरायची, आणि शिडी रिकामी असेल तेव्हा हात पोचेल तिथवर रंग द्यायची. दोघींच्या लेकी कडेवर होत्या तेव्हापासून हे असंच चाललं होतं. आता लेकींची लग्नं झाली होती आणि वरची गेली होती. शिडीवरून पडून नव्हे, काविळीनं, अंथरुणात. महिनासुद्धा झाला नव्हता.

दातांच्या दवाखान्याची बाहेरची खोली दोघींनी मिळून रंगवायला घेतली होती. सगळं झालं होतं, फक्त एका भिंतीवर छताखालची वीतभर पट्टी उरली होती. डॉक्टरीणबाई सकाळीच सांगून गेल्या होत्या, “उद्या दवाखाना उघडायचाय. तुम्हाला जमत नसेल तर दुसरे लोक बघते. मग वरच्या मजल्याचं कामही त्यांनाच देईन.” दुपार झाली तरी खालची शिडीकडे बघत उभी होती. पायरी चढायची म्हटलं की तिचं धाबं दणाणायचं. पहिल्याच कामाला तिसऱ्या पायरीवर तिचे पाय लटपटले होते, तेव्हा वरची म्हणाली होती, “उतर गं घाबरट. मला वर बरं वाटतं, वारा लागतो.” झालं, तेव्हापासून वाटणी ठरून गेली.

दार ढकलून वरचीची नणंद आत आली. उंच, हडकुळी बाई. हिला कधी कुणी हसताना पाहिलं असेल तर शपथ.

“शिडी न्यायला आलेय,” ती म्हणाली. “आमच्या घरची आहे.”

“एवढी पट्टी होऊ द्या, ताई.”

“आणि चढणार कोण? तुम्ही?”

नणंदेनं पदर खोचला. “मी धरते. पण पट्टी झाली की शिडी माझी.” मग मनात साठलेलं बोलल्याशिवाय तिला राहवेना. “घरी वहिनी साधा दिवा बदलायला स्टुलावर चढली नाही कधी. ‘वन्सं, तुम्ही उंच, तुम्हीच चढा.’ माळ्यावरचा डबा काढायचा तरी मीच. आणि इथं लोकांच्या छतांना हात लावत फिरायची. आम्हाला नखरे, आणि जीव सगळा तुमच्यासाठी!”

खालचीला बोचलं, पण खोडून काढावं असं त्यात काही सापडेना. तिनं ब्रश भिजवला, छोटा डबा मनगटात अडकवला आणि पाय टाकला.

एक पायरी. दोन. तीन. शिडी कुरकुरली. आपली वहिनी हिनं पळवली म्हणून जी बाई इतकी वर्षं धुमसतेय, तिच्या हातात आपला जीव आहे, हे नेमकं चौथीवर आठवलं. पण खाली बघण्यापेक्षा वर जाणं सोपं होतं. ती चढत गेली आणि शेवटच्या पायरीआधी डाव्या हातानं शिडीचा दांडा गच्च आवळला.

हाताखाली काहीतरी खडबडीत लागलं. तिनं मान वाकडी करून दांड्याची आतली बाजू पाहिली. रंगाचे थरावर थर होते तिथं. शाळेचा पिस्ता, बेकरीचा निळा, बँकेचा सायीचा रंग, आणि या खोलीचा पांढरा. चार बोटांचे आणि एका अंगठ्याचे ठसे. एकाच जागी, दर वेळी, दांडा इतका आवळलेला की लाकडात नखांच्या खाचा पडल्या होत्या.

खालचीनं हे कधीच पाहिलं नव्हतं. शिडी राहायची वरचीच्या घरी, आणि वाहून नेताना वरचं टोक वरचीच धरायची, कुणाला हात लावू द्यायची नाही.

वारा बरा वाटणाऱ्या बाईचा हात असा नसतो. ती घाबरत होती. रोज, प्रत्येक भिंतीला, जीव मुठीत धरून चढत होती, कारण दुसरीला चढता येत नव्हतं. घरी गेल्यावर तिच्यात स्टुलापुरतंही बळ उरत नव्हतं.

“ताई,” खालचीचा आवाज फाटला. “नखरे नव्हते ते. तिला भीती वाटायची. इथं हात रुतलाय तिचा.”



आता तिला ना वर सरकता येईना, ना उतरता. डोळे भरून छत दिसेनासं झालं होतं. खाली सगळं चिडीचूप. तिला आपलीच जुनी बडबड आठवली. शिडी धरून ती भाजीपासून सासूपर्यंत अखंड बोलायची. वरची ओरडायची, “तोंडाचा पट्टा आवर!” पण जरा गप्प झालं की वरून हाक ठरलेली.

तीच हाक आज हिच्या तोंडून निघून गेली. “मेलीस का गं खाली?”

बोलल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं. तिनं डोळे मिटून घेतले.

शिडी हादरली. नणंद रडत होती आणि तिचे हात शिडीवर होते.

“नाही गं,” ती म्हणाली. “आहे मी. धरलीय.”

“मग बोल काहीतरी. गप्प राहू नकोस.”

“काय बोलू?”

“काहीही. शिव्या दे.”

नणंदेनं नाक पुसलं ते खांद्याला, हात न सोडता. “एकदा दिवा गेला, तर ही बया चार दिवस मेणबत्तीवर स्वयंपाक करत राहिली. मी माहेरी येईस्तोवर! मी म्हटलं, एवढी कसली गं राणी तू...”

खालचीनं डावा हात त्या खाचांवर बसवला. बोटं बरोबर बसली. उजव्या हातानं तिनं ब्रश छताकडे नेला, आणि खालून येणारा आवाज ऐकत रंगवत राहिली.